सर अँब्रोज यांचं स्वागतगीत

११ जून १८४९

राणीसरकार येत्या ऑगस्टात आयर्लंडला येणार, हे डब्लिनच्या वर्तमानपत्रात छापून आलं आहे. टपालाच्या पोत्यातून ते वर्तमानपत्र मीच काढलं, त्यामुळे किलनारा गावात ही बातमी सर्वांत आधी मला कळली. पोस्टमास्तर असण्याचे जे थोडे फायदे आहेत त्यांतला हा एक. अशा ऐतिहासिक वर्षी गावातल्या कोणा विचारी माणसाने रोजनिशी ठेवायला हवी असं वाटलं. दुसरं कोणी डोळ्यांसमोर येईना, म्हणून मीच सुरुवात करतो आहे.

संध्याकाळी स्वागत समिती बसली. जमीनदारांचे कारभारी हेविटसन साहेब अध्यक्ष, आमचे फादर टोबिन सभासद आणि मी चिटणीस. दुष्काळात मदत समितीचा चिटणीसही मीच होतो, त्यामुळे हात बसलेला आहे. मी सुचवलं की राणीसरकारचं जहाज समोरून जाईल तेव्हा आपण कड्यावर निशाणं फडकवावीत.

फादर म्हणाले, "मॅथ्यू, राणी कॉर्कला उतरणार. आपण कॉर्कच्या पश्चिमेला. तिचं जहाज इथून जायचं तर ते कॉर्क चुकून अमेरिकेच्या वाटेला लागायला हवं."

"समुद्राचं काय सांगता येतं, फादर?" मी म्हणालो. ठराव मंजूर झाला.

अमेरिकेचं टपालही आज आलं. माझा मेहुणा डोनखा याचं पत्र नाही. बॉस्टनला जाऊन त्याला दोन हिवाळे उलटले. एवढ्या काळात एक ओळ लिहिता येऊ नये म्हणजे कमाल आहे. आत जाऊन होनोराला सांगितलं, "तुझ्या बंधुराजांनी आजही काही पाठवलेलं नाही." ती पीठ मळत होती. "बरं," म्हणाली. ही बाई फार सोशिक आहे.

१९ जून

मोठी बातमी. आमचे जमीनदार सर अँब्रोज थॅकवेल इंग्लंडहून येणार आहेत. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. कॉर्कला राणीसरकारच्या स्वागतात हजेरी लावायची, मग पाहुण्यांसह आपली जमीन बघायला यायचं आणि शिकारीचा हंगाम इथेच काढायचा, असा बेत आहे. आता समितीला खरं काम मिळालं.

माझ्या मनात काय आहे ते इथे लिहायला हरकत नाही. कॉर्क शहराच्या पोस्टात दुय्यम पोस्टमास्तरची जागा रिकामी होते आहे. सर अँब्रोज यांनी एक शब्द टाकला तर ती मला मिळू शकते. मी मूळचा डब्लिनचा. नऊ वर्षं या चिखलात आणि या आयरिश बोलीत काढली. बोलीचा एक शब्दही जिभेला लागू दिला नाही, याचा मला अभिमान आहे. होनोरा इथलीच, गोर्टीन वस्तीतली. ती बोलते तिच्या लोकांशी, मी कान बंद ठेवतो.

हेविटसन साहेब मात्र गोर्टीनच्याच काळजीत आहेत. वस्तीतल्या बिनकामाच्या कुळांना त्यांनी मार्चमध्ये बाहेर काढलं आणि परत येऊन राहू नयेत म्हणून घरांची छपरं उतरवली. आता नुसत्या भिंती रस्त्यावरून दिसतात. मी म्हणालो, वेली आणि फांद्या सोडू, दुरून शोभा दिसेल. साहेबांना हे फार पटलं.

२४ जून, रविवार

लेडी थॅकवेल यांचं पत्र आलं. त्यांना आयर्लंडच्या जुन्या चालीरीतींचं वेड आहे. सर अँब्रोज यांच्या स्वागताला "एखाद्या खऱ्या भाटाने खऱ्या बोलीत" कवन म्हणावं, अशी त्यांची इच्छा. आता भाट कुठून आणायचा? प्रार्थनेनंतर फादर टोबिनना गाठलं.

"भाट संपले, मॅथ्यू," ते म्हणाले. "शब्द जुळवणारं गावात कोणी उरलं असेल तर त्या बायका. मढ्यापाशी बसून गळा काढायच्या त्या. गेलेल्याचं नाव घेऊन, त्याचं घराणं, त्याचे गुण, सगळं तिथल्या तिथे जुळवून रडायच्या. अंगावर काटा यायचा. मीच देवळातून बंदी घातली होती."

"फार उत्तम केलंत," मी म्हणालो. डब्लिनमध्ये आम्ही मेलेल्या माणसाच्या घरी जातो, टोपी काढतो, निघून येतो. इथल्या मर्तिकाला मी कधी बसलेलो नाही. "आणि बंदी पाळलीही गेली. गेल्या तीन वर्षांत मी गावात एकदाही तसा आवाज ऐकला नाही."

फादरनी मान हलवली. "बंदीमुळे नाही ते. सत्तेचाळीस साली रडायला कोणाच्या अंगात त्राण होतं?"

कारण काही का असेना, लोक सुधारले हे खरं.

रात्री जेवताना होनोराला भाटाची अडचण सांगितली. ती एरवी समितीच्या कामात लक्ष घालत नाही. आज मात्र चमचा खाली ठेवून म्हणाली, "गोब्नेट मावशीला विचारा. ती शब्द जुळवते. पूर्वी तिला पाच गावांतून बोलावणी यायची."

"कशाला?"

"प्रसंगाला."

"मग हल्ली का येत नाहीत?"

"हल्ली कोणाला वेळ होता?" ती म्हणाली आणि उठून भांडी घासू लागली.

२७ जून

होनोराला दुभाषी म्हणून घेऊन गोर्टीनला गेलो. ही गोब्नेट म्हणजे पडक्या भिंतीला काठ्या टेकवून केलेल्या खोपटात राहणारी वाळलेली म्हातारी. हेविटसन साहेबांच्या नजरेतून ते खोपट कसं सुटलं कोण जाणे. मी काय हवं ते नीट समजावून सांगितलं. होनोराने ते बोलीत सांगितलं, आणि मी सांगितलं त्याच्या तिप्पट वेळ घेतला. मग म्हातारी बोलू लागली. ती इतका वेळ बोलली की मी दोनदा चिलीम भरली. मध्ये तिने होनोराचा हात धरला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"हो म्हणते."

"एवढंच?"

"अटी आहेत."

अटी अशा: मोबदला नको. जागा तिच्या पसंतीची, म्हणजे गोर्टीनच्या जुन्या दफनभूमीला लागून असलेला उतार. ज्याच्यासाठी म्हणायचं तो मध्ये, समोर हवा. कोणी समोर असल्याशिवाय तिला शब्द येत नाहीत. त्याचे पाय दफनभूमीच्या फाटकाकडे. भोवती जळत्या मेणबत्त्या, बाजूला एका ताटात मीठ, एकात तंबाखू आणि मातीच्या चिलमी, येईल त्याने घ्यायला. तो बसताक्षणी त्याचं घड्याळ थांबवायचं. आणि मागून सूर धरायला गोर्टीनची माणसं हवीत, सगळी. जी सरकारी गरीबखान्यात आहेत ती एका दिवसापुरती सोडवून आणायची.

"दिवसाढवळ्या मेणबत्त्या कशाला?" मी विचारलं.

"जुनी रीत आहे," होनोरा म्हणाली. लेडी थॅकवेल यांना हवं ते हेच. मी सगळं टिपून घेतलं.

परत येताना मी उताराकडे बघून म्हणालो, "जागा मात्र म्हातारीने छान निवडली. आजूबाजूला खडक, आणि तेवढ्याच तुकड्यावर गवत बघ कसं हिरवंगार आहे."

होनोराने तोंड फिरवलं. उन्हाचा त्रास होत असावा.

५ जुलै

समितीने अटी मान्य केल्या. गरीबखान्यातली माणसं आणण्याबद्दल हेविटसन साहेब कुरकुरले, पण "आनंदी कुळं" पाहुण्यांना दिसायलाच हवीत, हे माझं म्हणणं त्यांना पटलं. गरीबखान्याचे कपडे दिसू नयेत म्हणून हिरवे पट्टे शिवून घ्यायचे ठरलं.

मी मेणबत्त्या, मीठ, तंबाखू वाचून दाखवत होतो तेव्हा फादर टोबिनना खोकल्याची अशी उबळ आली की पाणी आणावं लागलं. उबळ ओसरल्यावर म्हणाले, "हे सगळं तुझ्या बायकोने सांगितलं?"

"अक्षरशः. फादर, तुमची काही हरकत?"

त्यांनी टोपी उचलली. "मी बंदी घातली होती ती मढ्यापुढे गळा काढायला. जिवंत जमीनदारापुढे काढायला मी कशी बंदी घालणार?"

फादर कधी कधी काय बोलतात ते त्यांनाच माहीत.

२० जुलै

सर अँब्रोज यांच्या खुर्चीसाठी लाकडी चौथरा हवा, तर सुतार म्हणतो फळ्या नाहीत. मला एकदम आठवलं. पोस्टामागच्या पडवीत मदत समितीची जुनी शवपेटी पडून आहे. ती माझीच कल्पना होती: तळाला बिजागऱ्या लावलेली पेटी. खड्ड्यावर धरायची, खिट्टी ओढायची, माणूस खाली आणि पेटी पुन्हा वापरायला मोकळी. त्या हिवाळ्यात एका पेटीत आख्खी वस्ती आटोपली. वरिष्ठांनी काटकसरीचं कौतुक करणारं पत्र पाठवलं होतं. ते मी जपून ठेवलं आहे.

लाकूड अजून खणखणीत आहे. सुताराने आज तिचा चौथरा केला आणि वर लाल गालिचा ठोकला. होनोराला दाखवायला बोलावलं. ती गालिच्याची कड उचलून फळीवरून हात फिरवत राहिली.

"चांगलं लाकूड आहे," म्हणाली. "पुष्कळांना पुरलं."

काटकसरीची जाण असलेली बायको मिळायला भाग्य लागतं.

३ ऑगस्ट

राणीसरकार आज कॉर्कला उतरणार होत्या. तरी ठरावाप्रमाणे आम्ही कड्यावर निशाणं घेऊन उभे होतो. दुपारी क्षितिजावर धूर दिसला. मी जयजयकाराची खूण केली. जवळ आल्यावर ती मासेवाल्यांची होडी निघाली; पोरं मागच्या बाजूला हेरिंग मासे भाजत होती. त्यांनीही टोप्या हलवल्या.

परत आलो तर अमेरिकेचं टपाल. डोनखाचं पत्र नाही.

त्या माणसाविषयी एकदा लिहूनच टाकतो. सत्तेचाळीसच्या थंडीत तो समितीपुढे मदत मागायला आला. त्याच्याकडे दीड एकर जमीन होती. पाव एकराहून जास्त जमीन धरून असलेल्याला मदत नाही, हा पार्लमेंटचा कायदा आहे. जमीन सोड आणि मदत घे, इतकं सरळ. तो म्हणाला, "जमीन सोडली तर वसंतात पेरू कुठे?" मी त्याला कलम वाचून दाखवलं. त्याला इंग्रजी कमी कळतं म्हणून पुन्हा वाचलं. मेहुणा म्हणून कायदा वाकवणारा मी नव्हे. तो निघून गेला. पंधरा दिवसांनी बघितलं तर घर रिकामं. म्हणजे बॉस्टनचं जहाज पकडलं असणार. बहिणीचा निरोपसुद्धा घेतला नाही. एवढा राग बरा नव्हे.

१६ ऑगस्ट

आजचा दिवस कसा लिहावा? क्रमाने लिहितो.

सकाळी गरीबखान्यातून गोर्टीनची माणसं आली. हेविटसन साहेबांनी दोन गाड्या पाठवल्या होत्या, पण सगळी मंडळी एकीतच मावली. सोय झाली. मी पट्टे वाटले. निम्म्याहून जास्त उरले.

दुपारी सर अँब्रोज आले. गुटगुटीत, हसतमुख, जेवणाने सुखावलेले. लेडी थॅकवेल यांना गोर्टीनच्या भिंती बघून भरून आलं. "काय सुंदर भग्नावशेष! हे कोणाच्या काळातले? क्रॉमवेलच्या स्वारीच्या?"

"त्याच वळणाचं काम आहे, बाईसाहेब," फादर टोबिन म्हणाले. हेविटसन साहेबांनी घाईने बाईसाहेबांना एक फूल दाखवलं. त्यानंतर फादर, "पुढचं मला उभं राहून बघता येणार नाही," असं म्हणून निघून गेले. पण नंतर मला ते दफनभूमीच्या भिंतीआड गुडघ्यावर बसलेले दिसले. बूट बांधत असावेत.

सर अँब्रोज चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसले, पाय फाटकाकडे. होनोराने अदबीने सांगितलं की डोळे मिटून हात छातीवर ठेवले तर रीत पूर्ण होईल. दुपारचं जेवण अंगावर आलेलं. त्यांनी आनंदाने मिटले. त्यांचं सोन्याचं घड्याळ मी स्वतः थांबवलं. मेणबत्त्या पेटल्या. आमचे लोक एकेक करून पुढे आले, चिमूटभर तंबाखू घेतला आणि टोप्या काढून मागे उभे राहिले. इतकी शिस्त मी या गावात कधी पाहिली नव्हती.

मग गोब्नेट उठली. आली आणि सरळ सर अँब्रोज यांच्या गुडघ्यावर हात ठेवून डुलू लागली. पाहुण्या बायका कौतुकाने पुढे सरकल्या. आधी अगदी हळू, कानात सांगितल्यासारखं. सर अँब्रोज यांचं नाव मला स्पष्ट कळलं. त्यांच्या वडिलांचं, आजोबांचंही. मग आवाज चढला. त्या वाळक्या अंगातून असा आवाज निघेल असं कोणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी मागच्या बायका "ओहोन, ओहोन" असा सूर धरायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, हे मी इथे कबूल करतो.

पुढे तिने नावं घ्यायला सुरुवात केली. जुन्या वीरांची असतील असं मी पाहुण्यांना सांगितलं. एकेक नाव आलं की मागच्यांतलं कोणीतरी एक पाऊल पुढे येई आणि त्याचा आवाज बाकीच्यांवर चढे. नावं संपेनात. सर अँब्रोज डोळे मिटून तल्लीन झाले होते. जवळ बसलेल्यांना ते किंचित घोरल्यासारखे वाटले, पण तो श्वासच असावा.

आणि मग एक नाव आलं, डोनखा. या भागात ते नाव बोळाबोळाला आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीतून होनोरा उठली. मला वाटलं घेरी आली. ती मान्यवरांच्या रांगेतून चालत गेली, डोक्यावरची टोपी काढून गवतावर टाकली, आणि त्या अनवाणी बायकांमध्ये उभी राहून तिने तोंड उघडलं. पोस्टमास्तरची बायको, केस मोकळे, हात आपटत, ओरडते आहे. नऊ वर्षं मी या बाईबरोबर राहतो आहे, हा आवाज माझ्या घरात होता हे मला ठाऊक नव्हतं. मी शरमेने अर्धा झालो.

पण लेडी थॅकवेल यांनी माझा दंड धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मिस्टर फॅनिन, तुमच्या पत्नी काय भावनेने स्वागत करताहेत!"

शेवटी सगळे एकदम गप्प झाले. त्या शांततेने सर अँब्रोज जागे झाले, म्हणजे भानावर आले, आणि टाळ्या वाजवू लागले. पाहुण्यांनीही वाजवल्या. आमच्या लोकांपैकी कोणी वाजवल्या नाहीत, बुजरे आहेत. ते पाठ फिरवून एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून उताराखाली गेले. पाहुणे मात्र गाड्यांतून "ओहोन, ओहोन" करत वाड्यावर परतले. मोठी मजा आली.

१७ ऑगस्ट

सर अँब्रोज यांनी मला बोलावून हात मिळवला. कॉर्कच्या जागेसाठी पत्र लिहीन म्हणाले. असं स्वागत दर वर्षी व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. घड्याळ मात्र पुन्हा चालू होईना. डब्लिनला दुरुस्तीला पाठवायला माझ्याकडे दिलं.

होनोराला कालच्या वागण्याबद्दल चार शब्द सुनवायचे होते. पण ती झोपली होती. दिवस चांगला वर आला तरी झोपली होती, तोंड अर्धवट उघडं, लहान मुलासारखी. तशी झोपलेली मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. उठवलं नाही. चहा मीच केला.

९ सप्टेंबर

कॉर्कचं पत्र अजून लिहून झालेलं नाही. शिकारीचा हंगाम आहे. त्यातच आज एक विचित्र प्रकार घडला. सर अँब्रोज गाडीतून पक्षी मारायला निघाले आणि त्यांनी नेमका सत्तेचाळीसचा रस्ता धरला. हा रस्ता आम्ही मदतकामावर बांधला होता. लोकांना फुकट खायला घालायचं नाही, काम द्यायचं, पण कोणाचा खासगी फायदा होता कामा नये, असा हुकूम होता. म्हणून जिथे कोणालाच जायचं नाही अशा दिशेला, दलदलीत, रस्ता नेला. पैसे संपले तिथे तो संपतो. सर अँब्रोज यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. रस्ता इतका सुरेख आहे की त्यांनी घोडे भरधाव सोडले.

कमरेइतक्या गार चिखलातून काढेपर्यंत संध्याकाळ झाली.

१८ सप्टेंबर

सर अँब्रोज आज पहाटे गेले. छातीत पाणी झालं होतं. आता पत्र कोण लिहिणार? असा विचार अशा वेळी मनात येऊ नये, पण आला.

लेडी थॅकवेल धीराच्या आहेत. म्हणाल्या, त्या गोर्टीनच्या म्हातारीला बोलवा. त्यांना ते गाणं फार आवडलं होतं, अंत्ययात्रेला तेच म्हणू दे. मी फादर टोबिनना विचारलं, "त्या बायका मढ्यापुढे गातात असं तुम्हीच म्हणाला होता ना? मग येईल ती. एवढ्यापुरती बंदी उठवा."

फादर म्हणाले, "उठवली. तू जाऊन विचार. मला तिचं उत्तर ऐकायचं नाही."

१९ सप्टेंबर

होनोरा बरोबर यायला तयार झाली नाही, म्हणून एकटाच गेलो. म्हातारी खोपटाबाहेर बसली होती. मी हातवारे करून, सावकाश शब्द टाकत सांगू लागलो.

"इंग्रजी येतं मला, मास्तर," ती म्हणाली. "सरळ बोला."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"त्या दिवशी तुमच्याशी बोलायचं नव्हतं."

मी लेडी थॅकवेल यांचा निरोप सांगितला. तिने मान हलवली.

"नाही यायची मी. त्याला रडून झालंय."

"म्हणजे?"

"ऑगस्टात नाही का रडलो? मेणबत्त्या लावून, मीठ ठेवून, घड्याळ थांबवून. काही कमी केलं नाही. तुम्हीच तर सगळं आणून दिलंत. एका माणसाला दोनदा रडत नाहीत, मास्तर."

मी उभाच राहिलो. मग विचारलं, "आणि ती नावं? ती जुन्या लोकांची होती ना?"

"जुनी कसली? आमचीच होती. तुमच्या त्या पेटीतून खाली टाकलेली. कोणी रडलं नव्हतं त्यांना, ना नाव घेतलं. रडायचं तर समोर एक मढं लागतं, आणि आमची तर सगळी एकावर एक. तेव्हा तुमच्या साहेबाला बसवलं मध्ये. मढं एक, माणसं पुष्कळ." तिने शालीच्या टोकाने नाक पुसलं. "तुमच्या घरातलंही एक होतं की."

परत येताना त्या हिरव्या तुकड्याला वळसा घालून आलो. आधी सरळ त्यावरून जायचो.

होनोरा बटाटे सोलत होती. यंदाही निम्मे काळे निघताहेत. मी टोपी न काढताच विचारलं, "डोनखा कुठे आहे?"

तिने सुरी थांबवली नाही. "सरसाहेब बसले होते त्याच्या खाली."

"कधीपासून?"

"तुम्ही त्याला कलम वाचून दाखवलंत ना, त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. गोब्नेट मावशीने त्याला बांधावर बघितलं. तोंडात गवत होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

आता मात्र तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"सांगून काय झालं असतं, अहो? तुम्ही मला पण वाचून दाखवलं असतंत."

२१ सप्टेंबर

सर अँब्रोज यांची अंत्ययात्रा झाली. सबंध गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोप्या काढून उभं होतं. कोणी आवाज काढला नाही. लेडी थॅकवेल म्हणाल्या, या लोकांचा आदर किती मूक असतो. मी हो म्हणालो.

कौतुकाचं पत्र, ते पेटीबद्दलचं, आज चुलीत घातलं. त्याने काही होत नाही हे मला कळतं.

१ ऑक्टोबर

अमेरिकेचं टपाल आलं. पोतं फोडलं, पत्रं लावली. खिडकीशी आलेल्यांना ज्याचं त्याचं दिलं. ज्यांचं नव्हतं त्यांना नाही म्हणालो.

मग सवयीने आतल्या दारापर्यंत गेलो आणि कडीवर हात ठेवून थांबलो. आत होनोरा काहीतरी कांडत होती. दोन वर्षं, दर खेपेला, मी हे दार उघडून तिला सांगत आलो की आजही पत्र नाही. तिथेच उभं राहून आठवून पाहिलं. पत्र आलं का, असं तिने मला एकदाही विचारलं नव्हतं.